लुगड्याची दशा

दिल्लीहून परत आल्यापासून गल्लीत जो भेटतो तो विचारतो, "लाल किल्ला बघितला का? कुतुबमिनार?" मी सांगतो, नाही, कापड बघितलं. मग माणूस जरा थांबतो आणि माझी तब्येत विचारतो.

त्याचंही बरोबर आहे. इचलकरंजीत तेराव्या वर्षापासून मागावर बसलेला माणूस मी. शाळा तिसरीत सुटली. मी तिला सोडली का तिनं मला, ते अजून ठरायचंय. नाकात कापूस, कानात मागाचा खडखडाट. बायकोची हाक पहिल्या वेळी मला ऐकू येत नाही. दुसऱ्या वेळीही येत नाही, पण तो कानाचा दोष नाही. असला माणूस दोन दिवस गाडीत अंग आंबवून दिल्लीला जातो आणि काय बघतो, तर कापड. मासा समुद्र सोडून काचेच्या पेटीतलं पाणी बघायला गेला, तशातली गत.

पण मी हौसेनं गेलो नव्हतो. मला पाठवलं होतं, गाठोडं देऊन.

गाठोड्याची गोष्ट अशी. माझा मुलगा महेश दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, आर. के. पुरमला क्वार्टर मिळालंय. त्याची बायको रश्मी गाझियाबादला वाढलेली. माहेर मराठीच, पण मराठी तिथं दुधात पाणी घालावं तशी हिंदी घालून वापरतात. गेल्या दिवाळीला ती इकडं आली, तेव्हा माझ्या बायकोनं, शेवंतानं, पेटीतून एक लुगडं काढून दाखवलं. हिरवं नऊवारी, तांबड्या काठाचं. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी हातमागावर विणलेलं. माझ्या हातचं ते पहिलं अख्खं लुगडं आणि हातमागावरचं शेवटचंही, कारण त्याच वर्षी मालकानं हातमाग मोडून यंत्रमाग बसवले. मी विणलेलं बघून मोडले असं लोक म्हणतात. म्हणोत.

रश्मीनं फोटो काढला आणि दिल्लीतल्या एका कापडाच्या म्युझियमला पाठवला. तिकडून उत्तर आलं, वस्तू घेऊन या, बघून ठरवू.

शेवंतानं लुगडं धुतलं, सावलीत वाळवलं, जुन्या चादरीत बांधलं आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "पेटीत ठेवून तरी काय, मी गेल्यावर त्याची पायपुसणी होतील. तिथं काचेत राहील. पण एक. खाली तुमचं नाव पाहिजे. आयुष्यभर तुमच्या कापडावर मालकाचा शिक्का बघितला मी. एकदा तुमचं नाव बघायचंय. लिहिलं तर द्या, नाही लिहिलं तर परत आणा. आणि गाडीत विसरलात तर तुम्हीही तिकडंच राहा."

आर. के. पुरम

सकाळी सुनेनं माझ्यासाठी पोहे केले. पोह्यांत मटार, वर भुजिया शेव, शेजारी दही. मी विचारलं, "जरा ओलं खोबरं आहे का गं?"

"बाबा, इथे नारळ फक्त पूजेला आणतात."

मी दही खाल्लं. वाईट नव्हतं. पोह्यांना मात्र कुणाच्या तरी लग्नात चुकून शिरल्यासारखं झालेलं दिसत होतं.

"बाबा, आज धोतर घालू नका ना," रश्मी म्हणाली. "महेशची पॅन्ट नेसा."

मी म्हटलं, "पॅन्ट नेसायला मी अजून शिकलो नाही." ती गोंधळली, आणि मी धोतरातच निघालो. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर सोगा हातात धरून मधोमध उभा राहिलो, तर मागून एकजण म्हणाला, "अंकल, लेफ्ट में." मला वाटलं निवडणुकीचं विचारतोय. मी म्हटलं, "अजून ठरवलं नाही." रश्मीनं मला दंडाला धरून बाजूला ओढलं.

म्युझियमचं दार

दुपारी दोनला पोचलो. दारावर साठीच्या आतबाहेरचा गार्ड, मिशीवाला, गळ्यात शिट्टी. माझी पिशवी यंत्रातून गेली आणि यंत्र ओरडलं. पिशवीत अडकित्ता होता.

"ताऊ, यह अंदर नहीं जाएगा," गार्ड म्हणाला. "मेरे पास रहने दो. कहाँ से आए हो?"

"महाराष्ट्र. आप?"

"पानीपत."

आमच्याकडं हे नाव घेताना माणूस आपोआप आवाज खाली घेतो. पण गप्प बसणं मला जमत नाही. मी म्हटलं, "हमारे बहुत लोग गये थे आपके वहाँ."

"अच्छा? काम मिला?"

"काम तो मिला. वापस नहीं आये."

"हाँ जी," तो कौतुकानं म्हणाला. "पानीपत जो आता है, वहीं बस जाता है."

तेवढ्यात त्यानं माझे हात बघितले. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधे माझ्या कातडीला घट्टा आहे, गाठी मारून मारून झालेला. त्यानं स्वतःचा हात पुढं केला. तसाच घट्टा. हा सतबीर पानिपतला खेस विणायचा. खेस म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचं जाड सुती कापड. माग बंद पडले तसा गार्ड झाला. पूर्वी कापड करायचा, आता त्याला कुणी हात लावू नये म्हणून पगार घेतो.

लुगडं बघणाऱ्या म्युझियमच्या मॅडमना यायला अजून वेळ होता, म्हणून त्यानंच आम्हांला आत फिरवलं.

आत

आत अंधार आणि गारठा. मला वाटलं, लाइट गेली. रश्मी म्हणाली, "बाबा, उजेडानं कापड खराब होतं." आयुष्यभर मालकानं आम्हांला एका बल्बवर विणायला लावलं, त्यामागं हा विचार होता तर. उगाच शिव्या दिल्या त्याला.

पहिल्या मोठ्या काचेत एक घोंगडं होतं. काळं, काठाला पांढरी रेघ, एका कोपऱ्यात कसरीनं खाल्लेलं. वर खास दिवा सोडलेला. अगदी असंच घोंगडं आमच्या घरी आहे, त्यावर कुत्री झोपते. मी मनात कुत्रीची माफी मागितली; एवढ्या मोलाच्या वस्तूवरून तिला मी किती वेळा हाकललंय. पुढच्या काचेत ठिगळांची गोधडी. तिच्यापुढं दोन गोऱ्या बाया देवळात उभं राहावं तशा उभ्या होत्या. मी पाठीमागून बघितलं आणि म्हटलं, "टाका तिरका गेलाय." त्या मला नमस्कार करून गेल्या.

मग मी पाट्या वाचायला लागलो. अक्षर जुळवत वाचायला मला वेळ लागतो, पण दुपार माझीच होती. बनारसची जरीची साडी. खाली हिंदीत लिहिलेलं, बुनकर, म्हणजे विणकर; आणि पुढं नाव, अज्ञात. दुसरी काच, गुजरातचं रेशमी पटोळं. बुनकर, अज्ञात. तिसरी, आसामकडचं पिवळं रेशीम. बुनकर, अज्ञात. मी पुढं गेलो, मागं आलो, पुन्हा वाचलं. मला कमाल वाटली.

"सूनबाई, हा अज्ञात कोण गं?"

"काय बाबा?"

"बनारस, गुजरात, आसाम, सगळीकडं यानंच विणलंय. एका माणसाला एक काठ धड येत नाही इथं. मला दोन माग सांभाळताना जेवायला फुरसत नव्हती. हा जेवला कधी?"

रश्मीनं ओढणी तोंडावर धरली. सतबीर मात्र हसला नाही. हळूच म्हणाला, "ताऊ, अज्ञात किसी का नाम नहीं. मतलब, पता नहीं किसने बनाया."

मी त्या सगळ्या काचांकडं परत एकदा बघितलं. एवढा वेळ मी त्या माणसाचा हेवा करत होतो.

सतबीरनं मला कोपऱ्यातल्या एका काचेपाशी नेलं. आत निळा-पांढरा खेस. "यह देखो. किनारी के पास दो धागे दोहरे हैं. ऐसा हमारे घर में ही डालते थे. मुझे तो मेरे बापू का लगता है."

खाली पाटी होतीच. मी वाचली नाही, मला आता ती पाठ होती.

"बताया किसी को?" मी विचारलं.

"किसे बताऊँ. मैं तो सीटी बजाने की नौकरी में हूँ."

दोन धागे नीट बघायला मी काचेवर नाक टेकलं आणि बोट लावलं. त्यानं शिट्टी वाजवली. मग ओशाळून म्हणाला, "माफ़ करना ताऊ, हाथ अपने आप जाता है."

मॅडमची खोली

मॅडम पन्नाशीच्या, कडक स्टार्चची सुती साडी, चष्म्याला साखळी. बोलायला गोड. त्यांनी पांढरे हातमोजे घातले, रश्मीला दिले आणि मलाही दिले. जे लुगडं शेवंतानं चाळीसेक वर्षं दगडावर आपटून धुतलं, नेसून भाकऱ्या थापल्या, ते आता आम्ही तिघं डॉक्टरांसारखे मोजे घालून टेबलावर उलगडत होतो. माझ्या मोज्यात दोन बोटं एकाच घरात गेली, ती शेवटपर्यंत तिथंच राहिली.

पदरापासून हातभर अंतरावर मॅडम थांबल्या. तिथं चार बोटं रुंदीचा एक पट्टा आहे, बाकी हिरव्यापेक्षा गडद.

"वाह," त्या म्हणाल्या. "देखिए, शेड बदला है. यह डेलिबरेट है. बुनकर ने जान-बूझकर अपना सिग्नेचर छोड़ा है."

मी छाती काढली. "ये मेरी सही है."

"जी, बिल्कुल सही है."

"नहीं मॅडम. मेरी सही."

"हाँ हाँ, आप सही हैं."

रश्मीनं मला पायानं ढोसलं. मराठीत सही म्हणजे हस्ताक्षर, हिंदीत सही म्हणजे बरोबर. त्यामुळं पुढची दोन मिनिटं मॅडमनी माझं जेवढं म्हणणं मान्य केलं, तेवढं लग्नानंतर कुणी केलेलं नाही.

मग फॉर्म निघाला. वस्तू, रंग, लांबी, आणि पट्ट्यापुढं त्यांनी लिहिलं, 'सिग्नेचर'. पुढचा रकाना त्यांनी मोठ्यानं वाचला, "दशा?"

मी म्हटलं, "दशा नहीं है."

"जी?"

"दशा थी. खतम हो गयी."

"ऐसे कैसे? दशा तो हर चीज़ की होती है. अच्छी होगी या ख़राब होगी."

"बहुत अच्छी थी. इतनी लंबी थी." मी वीत करून दाखवली, मोज्यात ती जरा तोकडी दिसली. "मेरे बायको ने चाँद को दे दी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि रश्मीकडं बघितलं. रश्मी माझ्या कानात म्हणाली, "बाबा, दशा म्हणजे कंडिशन विचारतायत त्या."

"आमच्यात दशा म्हणजे दशा."

"म्हणजे?"

घ्या. कोष्ट्याच्या घरची सून, आणि तिला दशा सांगायची वेळ आली. पदराच्या टोकाला उभे धागे न विणता मोकळे सोडतात, त्या दशा. त्यातला एक धागा म्हणजे दशी. अमावास्येनंतर बीजेची चंद्रकोर दिसली की अंगावरच्या वस्त्राची एक दशी काढून चंद्राला वाहायची आणि म्हणायचं, जुनं घे, नवं दे. शेवंतानं दर बीजेला याच लुगड्याची दशी वाहिली. दशा संपल्या. चंद्रानं नवं लुगडं काही दिलं नाही, पण तिनं हिशेब विचारला नाही, आणि मीही विषय काढला नाही, कारण चंद्राच्या आधी ते काम माझं होतं.

रश्मीनं हे सगळं मॅडमना नीट हिंदीत सांगितलं. त्या खूश झाल्या, "सो ब्यूटिफुल" म्हणाल्या आणि रकान्यात लिहिलं, दशा: अच्छी.

पुढचा रकाना, बुनकर.

मी गळा साफ केला आणि म्हटलं, "गणपत."

"कोई काग़ज़ है? सोसायटी का कार्ड, बिल, करघे पर बैठे हुए फोटो?"

मागावर बसलेल्या माणसाचा फोटो तेव्हा कोण काढत होतं. मालकाचा एक होता, मागाशेजारी उभा, हार घातलेला. मी म्हटलं, "काग़ज़ नहीं. लेकिन मैं हूँ ना. जिंदा."

"वो तो ठीक है अंकल जी. पर ऐसे तो कोई भी आकर बोल देगा. नियम से मुझे अज्ञात ही लिखना पड़ेगा." मग माझं तोंड बघून त्यांनी फॉर्म फिरवला आणि खाली बोट ठेवलं. "पर आपका नाम यहाँ आएगा. दाता. बड़े अक्षरों में."

म्हणजे विणलं अज्ञातनं, दिलं गणपतनं. पट्टा ही विणकराची सही, असं त्यांनीच सांगितलं होतं. सही समोर, सही करणारा समोर, मधे फक्त नियम बसलेला. आणि पेटीवर बसलेली शेवंता मला दिसत होती.

तेव्हा मी ते केलं जे मी या जन्मात करायचं नाही असं ठरवलं होतं. खरं सांगितलं.

"मॅडम, वो पट्टा डिझाइन नहीं है. ग़लती है. मैंने की, इसलिए मालूम है."

शेवंता आमच्याच मालकाकडं कांड्या भरायची. मागात इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात आडव्या सुताची जी बारकी नळी बसवतात ती कांडी. मी वर मान करून तिच्याकडं बघत होतो, खाली न बघताच हात पुढं करून कांडी घेतली, ती निघाली दुसऱ्या वेळी रंगवलेल्या सुताची. चार बोटं विणून झाल्यावर खाली बघितलं. उसवायला वेळ नव्हता, लग्न पंधरा दिवसांवर. तिला सांगितलं, हे खास तुझ्यासाठी डिझाइन काढलंय, असं दुसऱ्या कुणाकडं नाही. ते मात्र खरं होतं.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी 'सिग्नेचर' वर काट मारली आणि लिहिलं, बुनाई में दोष. नाव लिहायला कागद लागतो, दोष लिहायला माझा शब्द पुरला. मी विचारलं, "अब तो साबित हुआ? और किसको पता होगा?"

"अंकल जी, यह तो कहानी हुई. सबूत थोड़ी है."

आता माझ्याकडं ना सही राहिली, ना नाव. होता तेवढा दोष, तोही अज्ञातच्या नावावर लागला. रश्मी म्हणाली, "बाबा, आईंना विचारू या," आणि माझ्या 'नको'च्या आधी फोन लावून टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"लिहिलं का नाव?" शेवंतानं विचारलं. हॅलो वगैरे तिला लागत नाही.

"लिहितायत. अज्ञात."

"हा कोण?"

"मीच."

"आणि आडनाव?"

रश्मी पुढं झाली आणि तिनं सगळं सांगितलं, कागद नाही, नियम आहे, दाता लिहितील, आणि पट्ट्याचंही सांगून टाकलं. अजून पोरींना सासऱ्याचं काय झाकायचं ते कळत नाही. फोनमधून नुसती खरखर आली. मला वाटलं लाइन गेली. मनातून बरं वाटलं.

"खास डिझाइन," शेवंता म्हणाली. "ऐकताय का? चाळीस वर्षं हे मी शेजारणींना सांगत आले, तुमचं तोंड राहावं म्हणून. कांडी कोण देत होतं हातात?"

"तू."

"मग रंग कुणाचा चुकला? तुम्ही एकसारखे बघायला लागलात म्हणून मी गडबडले आणि भलतीच कांडी पुढं केली. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. तुम्ही डिझाइन म्हणालात, मी म्हटलं सुटले."

मॅडमनी विचारलं, "क्या कह रही हैं?"

रश्मीनं मराठी गिळून सांगितलं, "कह रही हैं, ग़लती उनकी थी."

"तो फिर बुनकर कौन है?" मॅडम म्हणाल्या, आणि पेन त्या रकान्यावर धरून बसल्या. एका नावाला कागद नव्हता, आता दोन झाली. रकाना मात्र एकच.

फोनमधून शेवंता म्हणाली, "अहो, त्या अज्ञातला म्हणावं, लुगडं उचल आणि घरी ये. आणि आज बीज आहे. लुगडं जवळ आहे तर दशी वाहा माझ्या नावानं."

फोन बंद झाला. "माँ जी कह रही हैं, सोच के बताएँगे," रश्मी मॅडमना म्हणाली. तिकडं वाढल्याचे असे फायदे असतात. मॅडमनी फॉर्म फाडला नाही, जपून फाइलला लावला. आमची दशा अच्छी असल्याची सरकारदरबारी नोंद राहिली.

दारावर सतबीरनं अडकित्ता परत दिला. "जमा हो गया?"

"नहीं. अज्ञात को घर से बुलावा आया है."

त्यानं लुगडं बघायला मागितलं. मोजे नाहीत, चष्मा नाही. पदर अंगठ्याखाली धरून तो बोट पुढं नेत गेला, नजर रस्त्याकडंच. पट्ट्यावर बोट थांबलं.

"कांडी बदल गई थी?"

"हाँ."

"किसकी ग़लती?"

"घरवाली की."

"सबकी वही," सतबीर म्हणाला आणि घडी होती तशी घालून दिली.

भिंती

जवळच लोधी कॉलनीत सरकारी क्वार्टरांच्या भिंतीच्या भिंती रंगवल्यात. रश्मीला मला हसवायचं होतं म्हणून तिकडं नेलं. एका भिंतीवर फुलं, एकीवर झाडाएवढा पक्षी, आणि एका कमानीशेजारी दोन मजले उंच विणकर, मागावर बसलेला. आमच्यातला माणूस एवढा मोठा मी पहिल्यांदा बघितला.

मग माग बघितला. मागाला फणी नव्हती. फणी नसली तर धागा ठोकणार कशानं? या मागावर तो जन्मभर बसला तरी रुमाल व्हायचा नाही. आणि धोटा हातात धरून हा गडी आभाळाकडं बघत होता. विणताना वर बघणारा विणकर मी आयुष्यात एकच पाहिलाय, आणि त्याचं काय झालं ते मॅडमच्या फाइलला लावलेलं आहे. खाली कोपऱ्यात रंगवणाऱ्याचं नाव होतं, माझ्या उंचीचं. त्याला कुणी कागद विचारला नसावा. विणकराचं नाव शोधलं. तुम्हांला माहीत आहेच.

चार कॉलेजची मुलं फोटो काढत होती. त्यातली मुलगी म्हणाली, "अंकल, प्लीज़ थोड़ा हटिए, फ्रेम में आ रहे हैं."

दुसरा म्हणाला, "नहीं यार, रहने दे. अंकल परफ़ेक्ट हैं. एकदम ऑथेंटिक."

मला विणकराच्या पायाशी उभं केलं. मी सांगितलं, "इसमें फणी नहीं है. यह कपड़ा नहीं बुन सकता." सगळे "वाव" म्हणाले. मला वाटतं त्यांना ते फार खोल वाटलं.

उजेड उतरत होता. त्या धुरकट हवेत पश्चिमेला, क्वार्टरच्या पाण्याच्या टाक्यांवर, कोर दिसली. नखाएवढी.

"बाबा, दशी," रश्मी म्हणाली. शब्द तिला तीन तासांपूर्वी माहीत नव्हता. "पण ती तर संपलीय ना?"

मी फुटपाथवर बसलो आणि पदराचं टोक मांडीवर घेतलं. हे काम मला येतं. शेवटचे आडवे धागे एकेक ओढून काढले, दहा-बारा निघाले असतील, की त्यांनी धरून ठेवलेले उभे धागे मोकळे होतात. बोटभर दशा तयार. लुगडं बोटभर आखूड होतं, पण दशा सुधारते. मॅडमच्या रकान्यात हे बसलं नसतं.

एक दशी रश्मीनं काढली, कोरीकडं धरली आणि विचारलं, "काय म्हणायचं?"

"जुनं घे, नवं दे."

ती म्हणाली. फुंकर मारायची गरज नव्हती, धागा आपोआप गेला, रंगवलेल्या विणकराच्या पायावर जरा चिकटला आणि मग कुठं गेला दिसलं नाही. फोटोवाली मुलं विचारत होती, "अंकल, ये क्या रिचुअल है?" मी म्हटलं, "कुछ नहीं, सही कर रहे थे." ती म्हणाली, "सही है."

घर

पेटीपाशी बसून शेवंतानं गाठोडं सोडलं. मी दिल्लीच्या थंडीचं सांगत होतो, दह्यातल्या पोह्यांचं सांगत होतो. ती ऐकत नव्हती. तिनं लुगडं इंचाइंचानं तपासलं, पट्ट्यावर हात फिरवला. मग पदराचं टोक उजेडाकडं धरलं.

"ही नवी दशा कोणी काढली?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"म्हणजे तुम्हीच," ती म्हणाली आणि पेटी लावली.